दुष्काळ तालुक्याच्या सरासरीत सापडत नाही

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातून त्या यादीत शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज होते. साताऱ्यातून वाई आणि खंडाळा. सांगलीचा जत नव्हता. आटपाडी नव्हता, कवठेमहांकाळ नव्हता, साताऱ्याचे माण आणि खटावही नव्हते. ज्या टापूचं नाव काढलं की महाराष्ट्राला दुष्काळच आठवतो तो टापू यादीबाहेर राहिला, आणि चांदोली धरणाच्या शेजारचा शिराळा व धोम धरण पोटात असलेला वाई यादीत आले.

शिराळ्याचं किंवा वाईचं नुकसान खोटं होतं, असं मी म्हणत नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. भाताच्या खाचरात महिनाभर पाऊस नसला की काय होतं, हे शिराळ्याच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यांना का घेतलं हा प्रश्नच नाही. जत, माण, आटपाडी ज्या मोजमापातून गळतात ते मोजमाप नेमकं काय मोजतं, हा प्रश्न आहे. ओरड झाल्यावर १० नोव्हेंबरला आणखी १,०२१ महसूल मंडलं (तालुक्यातले गावांचे गट) ‘दुष्काळसदृश’ म्हणून जाहीर झाली. अटी दोनच होत्या: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरहून कमी. सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडची बरीच मंडलं त्यात आली. केंद्राच्या दुष्काळ संहितेच्या इतक्या पायऱ्यांतून जे निसटलं, ते पर्जन्यमापकाच्या दोन आकड्यांनी दहा दिवसांत पकडलं. यातून मला जे दिसतं ते असं: दुष्काळाचा धोका नुसत्या पावसाच्या तुटीवरून कळत नाही. ती तूट कोणाला किती सोसवते यावर तो ठरतो. ही सोसण्याची ताकद गावागणिक, एकाच गावात शिवारागणिक बदलते, आणि ती पाऊस संपल्यावर नाही तर पेरणीच्या आधी मोजायला हवी.

केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ ची. त्याआधी आपल्याकडे पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानानं किती पीक आलं ते पैशांत मांडण्यावर, सगळं चालायचं. ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ. पीककापणी होईपर्यंत वाट पाहायची आणि कापणीचा प्लॉट कुठला धरला यावरून गावात भांडणं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. संहितेनं क्रम बदलला. आधी पावसाची तूट आणि सलग खंड, मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल, आणि शेवटी निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. मनमानीला आळा बसावा म्हणून ही सुधारणा झाली आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे. पण तिचं एकक तालुका आहे आणि तिचा बहुतेक हिशेब ‘नेहमीपेक्षा किती कमी’ एवढाच आहे.

आता ‘नेहमीचं’ म्हणजे काय ते पाहा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड आहे, आणि तिथं पाचशेच्या आसपास. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात. सातारा जिल्ह्याची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस जिल्ह्यातल्या फार थोड्या गावांत खरोखर पडत असेल. सांगलीचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं होतं, पलूस-वाळव्यातली गावं बोटींनी रिकामी केली जात होती, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर सुरू होते. जिल्हा पातळीवरचे धोक्याचे नकाशे दिल्लीत किंवा हैदराबादेत बसून देशाची तुलना करायला उपयोगी असतील. जतच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला किंवा माणच्या कृषी सहायकाला त्यातून काहीही कळत नाही.

तालुक्यावर उतरलं तरी तुटीच्या टक्केवारीत मेख राहतेच. समजा एखाद्या गावाची पावसाळ्याची सरासरी ४५० मिलिमीटर आहे आणि एका साली ३६० पडला. सरासरीच्या ८० टक्के. ७५ टक्क्यांच्या अटीत हे गाव बसत नाही. पण जे ९० मिलिमीटर आले नाहीत ते बाजरी पोटरीत असताना किंवा दाणा भरताना आले नसतील तर हाती फक्त सरमाड, म्हणजे वाळलेली ताटं, लागतं. दुसरीकडे १,५०० मिलिमीटरच्या गावात ७० टक्के पडला तरी १,०५० मिलिमीटर पाऊस झाला. तिथलं नुकसान खरं असतं, पण विहिरीला पाणी राहतं, गवत राहतं, पुढचा हंगाम राहतो. पहिल्या गावात यातलं काहीच उरत नाही. जिथं सरासरीच काठावरची आहे तिथं छोटी तूटही कडेलोट करते, आणि टक्केवारीला हा काठ दिसत नाही.

पाऊस कधी पडतो, हे तर त्याहून महत्त्वाचं. माणदेशात आणि जतच्या बाजूला मृगावर कोणी फारसा भरवसा ठेवत नाही. तरणा आणि म्हातारा पाऊस (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा) बरेचदा नुसतं ढग दाखवून जातात. खरा आधार उत्तरा, हस्त आणि चित्राचा. हस्ताच्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा, आणि काळ्या रानात तो नुसत्या मुरलेल्या ओलीवर हुरड्याला येतो. इथला मोठा हंगाम रब्बीचा आहे, आणि शाळू म्हणजे धान्याइतकाच कडबा आहे. पण जून ते सप्टेंबरच्या बेरजेत बहुतेक हस्त आणि सगळी चित्रा बाहेर राहते. संहितेप्रमाणे खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर घ्यायचा आणि रब्बीचा मार्चअखेर. मार्चअखेर शाळू काढून खळ्यातही आलेला असतो. कडबा किती झाला हे घरातल्या बाईला फेब्रुवारीतच कळलेलं असतं. दावणीची गाय ठेवायची की खरसुंडीच्या किंवा आटपाडीच्या बाजारात न्यायची, याचा निर्णय तेव्हाच होतो. सरकारचा कागद त्यानंतर येतो.

जमिनीचा मुद्दा तर मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण ती माहिती नाही असं कोणालाही म्हणता येणार नाही. माणगंगेच्या काठची पुरुषभर खोल काळी आणि तिच्याच गावात वर माळाला लागून असलेली वीतभर मातीखाली मुरूम असलेली जमीन, दोन्हींवर एकच पाऊस पडतो. माळावरचं पीक आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत माना टाकतं. काळीतलं तग धरतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची महसूल मोजणी झाली तेव्हा जमिनीची प्रतवारी मातीची खोली आणि पोत पाहून आण्यांत केली गेली. बारा आणे जमीन, सहा आणे जमीन असं म्हातारी माणसं अजून बोलतात ते त्यातूनच. सातबारावरच्या आकारणीत त्या प्रतवारीची सावली आजही आहे. शेतसारा घ्यायचा होता तेव्हा सरकारने प्रत्येक गटात खड्डा घेऊन माती पाहिली. त्याच गटातल्या माणसाचा दुष्काळाचा धोका ठरवताना मात्र आपण तालुक्याच्या सरासरीवर थांबतो. हे मला पटत नाही.

जगभर धोक्याचा विचार करणारी माणसं आता पाऊस न पडणं याला धोक्याचा फक्त एक भाग धरतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१४ च्या अहवालानं धोका तीन गोष्टींच्या मेळातून मांडला: संकट किती मोठं आहे, त्याच्या वाटेत काय-काय उभं आहे, आणि जे उभं आहे ते किती नाजूक आहे. आपल्या भागाला ही मांडणी फार नेमकी लागू पडते, कारण गेल्या तीस वर्षांत इथला पाऊस बदलला त्याहून जास्त त्या पावसाच्या वाटेत उभं असलेलं शेत बदललं आहे.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर. कृष्णेचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणी पंपांनी उचलून वर दुष्काळी टापूत आणायचं, हे या योजनांचं काम. ते पाणी फुकट आलं नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी आटपाडीत वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, लोक मोर्चे घेऊन चालत गेले, तेव्हा कुठं टेंभूचं पाणी डोंगर चढलं. त्या लढ्याचा हट्ट नुसत्या पाण्यासाठी नव्हता, समन्यायी वाटपासाठी होता, हे आज आवर्जून सांगावं लागतं. पाणी आल्यावर माळावर डाळिंब आलं, द्राक्ष आलं. पोरं परत आली. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेल्या खानापूर-आटपाडीच्या घरांनी गावाकडं विहिरी बांधल्या, बागा लावल्या. याला विरोध करणारा माणूस या भागाचा असूच शकत नाही.

पण धोक्याचा हिशेब यानं बदलला, आणि तो कोणी नव्यानं केला नाही. बाजरी गेली तर बी, मशागत आणि खुरपणी गेली. पुढच्या मृगाला माणूस पुन्हा चाड्यावर मूठ धरतो. द्राक्षबाग गेली तर मांडव, वेली, ठिबक आणि त्यावरचं कर्ज असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि नवी बाग फळावर यायला वर्षं जातात. बागायतदार म्हणून बाग सुटू देत नाही. पंपाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आलं नाही तर बोअर आणखी खोल नेतो, तेही आटलं तर टँकर विकत घेतो. इथं उपग्रहाची गफलत होते. वरून पाहिलं तर टँकरवर जगवलेली बाग हिरवी दिसते, माणगंगेच्या पात्रातली वेडी बाभूळही हिरवी दिसते. त्या हिरव्या रंगाखाली सोसायटीचं थकलेलं खातं आणि गहाण पडलेले दागिने कुठल्याच निर्देशांकात येत नाहीत. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी धरायला तळं असेल तर ते धोका कमी करतं. प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलेलं तळं शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी उन्हात सुकायला ठेवतं. दोन्ही तळी सरकारी यादीत एकाच रकान्यात असतात.

योजनेच्या टोकाचा शेतकरी हा तर सगळ्यांत नाजूक माणूस. कागदावर तो लाभक्षेत्रात आहे, म्हणून सिंचित आहे, म्हणून सुरक्षित आहे. त्या भरवशावर त्यानं बाग लावलेली असते. वर ऊस जास्त झाला, पंपांचं वीजबिल थकलं, एक आवर्तन लांबलं, की पहिला फटका टेलला. जतच्या पूर्वेकडच्या गावांना म्हैसाळच्या पाण्याची किती वाट पाहावी लागली आणि त्यातून २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादापर्यंत कशी मजल गेली, हे ताजं आहे. ‘सिंचनाखाली’ या एका शब्दात पंपाजवळचा आणि टोकाचा असे दोघं एकाच मापात घालणं हा धोक्याच्या मोजणीतला फार मोठा दोष आहे.

मदतीचे आणि विम्याचे नियमही याच दोषावर उभे आहेत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषात नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हिशेब हेक्टरचा. ज्याच्या नावावर हेक्टर नाही त्याचं काय? चार शेळ्यांवर घर चालवणारी विधवा, मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेला धनगर, जतच्या तांड्यावरून कृष्णाकाठच्या कारखान्याला ऊस तोडायला जाणारं जोडपं, यांची असुरक्षितता या तालुक्यांत सर्वाधिक आहे आणि मदतीच्या सूत्रात ते जवळपास नाहीत. पीक विम्यात उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली पीक गेलं तरच भरपाई मिळते ते) ठरवताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरतात. मुद्दाम चांगली पाच धरतात ते शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून, हे मान्य. पण ज्या मंडलात सातातली चार-पाच वर्षं वाईटच गेली, तिथं चांगली पाच कुठून आणायची? उंबरठाच खाली बसतो. जिथं दुष्काळ सवयीचा, तिथं भरपाई मिळायला आणखी मोठा दुष्काळ लागतो.

याच सांगली जिल्ह्यात यापेक्षा शहाणं मोजमाप एकदा जन्माला आलं होतं. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात ग्रामीण रोजगाराचा प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेत दुष्काळ कोणी जाहीर करायची वाट पाहायची नव्हती. माणूस कामावर आला की त्याची गरज खरी, एवढं साधं सूत्र. कुठल्या गावातून किती माणसं, त्यातही किती बाया, कोणत्या महिन्यात मस्टरवर (हजेरीपटावर) आल्या, हा दुष्काळाचा इतका चांगला निर्देशांक आहे की त्याला उपग्रहाची गरजच नाही. आज कामं वेळेत निघत नाहीत, मजुरी रखडते, म्हणून माणसं कामावर येत नाहीत आणि तो निर्देशांक मुका झाला आहे. तो पुन्हा बोलता करणं अवघड नाही. मागणी आली की पंधरा दिवसांत काम, हे कायद्यात लिहिलेलंच आहे.

मला हवं आहे ते असं. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि खानापूर या सहा तालुक्यांत प्रत्येक गावाची धोका-नोंद दरवर्षी मेमध्ये, पेरणीच्या तोंडावर, ग्रामसभेत वाचून तयार व्हावी. शिवारात उथळ जमीन किती, निरीक्षण विहिरीची पातळी काय, कडबा आणि वैरण किती दिवस पुरेल, सोसायटीची थकबाकी किती, मागच्या वर्षी कालव्याची आवर्तनं टोकाला किती पोहोचली, किती कुटुंबं स्थलांतर करून गेली. यातलं जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या दप्तरात आहेच. पाऊस ‘महावेध’च्या स्वयंचलित हवामान केंद्रावर मंडलवार मोजला जातो. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे अटल भूजल योजनेत होते, त्यामुळे निवडलेल्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीतही रुजली आहे. तलाठ्याकडं जमीन, सोसायटीकडं कर्ज, पशुवैद्यकीय दवाखान्याकडं जनावरं, शाळेकडं ऊसतोडीला गेलेली मुलं. हे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, एवढीच अडचण आहे.

गावाच्या हाती मोजमाप दिलं की पैसेवारीसारखीच ओढाताण होईल, असा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. म्हणून मी अंदाजाचं काहीच मागत नाही. विहिरीची पातळी दोरीनं मोजता येते, मातीची खोली खड्डा घेऊन मोजता येते, थकबाकी वहीत असते. उपग्रह पडताळणीला राहू द्यावा. गावानं विहीर कोरडी लिहिली आणि वरून शिवारात उन्हाळी ऊस उभा दिसला, तर विचारणा व्हायलाच हवी. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. गावाचा धोका जाहीर झाला तर बँका तिथं कर्ज देताना हात आखडतील, जमिनीला गिऱ्हाईक राहणार नाही. द्राक्ष बागायतदारांकडून मी हे ऐकलं आहे आणि त्यांची भीती समजते. त्यावर माझं उत्तर असं की ही नोंद सरकारवर बंधन म्हणून वापरायची आहे, कर्जदारावर शेरा म्हणून नाही. ज्या गावाची नोंद वाईट, त्या गावाला पीककर्जाचं पुनर्गठन आपोआप, विम्याचा उंबरठा स्वतःच्या वाईट वर्षांऐवजी त्या जमिनीच्या चांगल्या वर्षांवरून, आणि चारा बियाणं मृगाआधी. कायद्यात हे बांधून घेतल्याशिवाय नोंद जाहीर करू नये, इथपर्यंत मी जायला तयार आहे.

आणि नोंदीचा पहिला उपयोग पाणीवाटपात व्हावा. रब्बीची आवर्तनं ठरवायला कालवा सल्लागार समितीची बैठक पावसाळा संपता संपता होते. तिथं आमदार असतात, कारखान्यांची माणसं असतात, पाटबंधारेचे अधिकारी धरणसाठ्याचा तक्ता घेऊन येतात. त्या तक्त्याच्या शेजारी गावांची धोका-नोंद ठेवली जावी, आणि टंचाईच्या साली पहिलं आवर्तन टोकाकडून सुरू व्हावं: आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी, मग शाळूला एक पाणी, मग उभ्या फळबागा जगवण्यापुरतं, आणि त्यानंतर उरेल ते ऊसाला.